गाजराचं काम गोळीला जमेना

गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असं चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पाहण्यांत वारंवार दिसत होतं. त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारं द्रव्य, जास्त सापडायचं. मग भाज्या निवडत कशाला बसायचं? ते द्रव्यच गोळीत भरून देऊ, असा सरळ हिशेब झाला.

फिनलंडमध्ये १९८५पासून सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर तो पडताळला गेला. गोळीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन. प्रमाण काही अचाट नव्हतं, पाव किलो गाजरांत साधारण तेवढं असतं. पण गाजरातलं सगळं अंगी लागत नाही, गोळीतलं लागतं. या मंडळींच्या रक्तात ते सतरा पटींवर गेलं. १९९४ साली निकाल आला, तो उफराटा: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

एका चाचणीवर कोण विश्वास ठेवणार! पण अमेरिकेतही तेच घडलं. तिथे सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले मिळून १८,३१४ जण होते. बीटा-कॅरोटीनच्या जोडीला अ जीवनसत्त्व दिलेल्यांत कर्करोग २८ टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि जानेवारी १९९६मध्ये, मुदतीच्या २१ महिने आधी, गोळ्या थांबवाव्या लागल्या.

असं का व्हावं? धुराने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीनचंच ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून निघणारे तुकडे पेशींची घडी बिघडवतात, असा एक खुलासा आहे. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याला धूर आणि मोठा डोस एकत्र दिल्यावर कर्करोगाआधी होतात तसे बदल फुप्फुसात दिसले. काही मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत आजही बीटा-कॅरोटीन असतं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचलेली बरी.

आता आशा कोबी, मोहरी, ब्रोकोली यांच्या घराण्यावर आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात झणका जातो ना? कोरड्या दाण्याला तो नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो तिखट पदार्थ जागच्या जागी तयार होतो. ब्रोकोली चिरल्यावर असंच सल्फोराफेन बनतं. ते शरीराची विषं बाहेर टाकणारी विकरं जागी करतं. चीनमधल्या प्रदूषित हवेच्या चिडोंग भागात २९१ जणांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं, तेव्हा लघवीवाटे जाणारे बेंझिन या हवेतल्या विषाचे अवशेष ६१ टक्क्यांनी वाढले. कर्करोग कमी झाला का, हे मात्र या चाचणीत मोजलंच नव्हतं. त्याला १२ आठवडे नाही, फिनलंडसारखी वर्षं लागतात.