मनगट दुखतंय, पण नेमकं कुठे?

रात्री दोन-तीनच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात दोन-चार वेळा झटकला, पलंगाखाली लोंबकळू दिला की बरे वाटते आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी वाटते, हात अंगाखाली आला असेल. शिलाईकाम करणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या किंवा दिवसभर माऊस धरणाऱ्या कित्येकांचे असेच महिनेच्या महिने निघून जातात. खरे तर हात झटकल्यावर बरे वाटणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोलाची खूण आहे. ती आवर्जून सांगावी.

तळहाताच्या मुळाशी आठ छोटी हाडे कमानीसारखी बसलेली असतात आणि वरून एक जाड, आडवा पट्टा त्यांना बांधून ठेवतो. या दोहोंमधला बोगदा म्हणजे कार्पल टनेल. त्यातून बोटे मिटणारी नऊ टेंडन्स जातात. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. चार बोटांना प्रत्येकी दोन आणि अंगठ्याला एक, अशा या नऊ दोऱ्या. त्यांच्याच गर्दीत एक नस, म्हणजे मज्जातंतू, असते: मीडियन नर्व्ह. हाडे सरकत नाहीत, पट्टा ताणत नाही. त्यामुळे दोऱ्यांवरचे अस्तर थोडेसे सुजले तरी चेपली जाते ती नस, आणि या त्रासालाही थोडक्यात कार्पल टनेलच म्हणतात.

मनगट सरळ असताना निरोगी हातात या बोगद्यातला दाब साधारण 10 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. मनगट पुढे किंवा मागे पूर्ण वाकवले की तो कित्येक पटींनी चढतो. दाब 30 च्या आसपास टिकून राहिला तर नसेचा रक्तप्रवाह अडखळतो. झोपेत आपण नकळत मनगट दुमडतो, म्हणून काम दिवसा आणि त्रास रात्री.

आता पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंचा हात पाहा. एका पोळीला लाटणे वीस वेळा पुढे-मागे होते असे धरले, तरी शंभर पोळ्यांना दोन हजार हेलपाटे झाले. शिवाय घट्ट कणीक तिंबताना लागणारा जोर वेगळाच. नुसत्या टायपिंगपेक्षा असे काम जास्त घातक, कारण जोर, वाकलेले मनगट आणि विसाव्याचा अभाव ही तिन्ही कारणे इथे एकत्र येतात. सतत थरथरणारी यंत्रे धरणाऱ्या कामगारांचेही तसेच.

मात्र मनगटाचे प्रत्येक दुखणे म्हणजे कार्पल टनेल नव्हे. या त्रासात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते, करंगळी सुटते. फक्त करंगळीला मुंग्या येत असतील तर दोष बहुधा कोपरापाशी किंवा मानेत शोधावा लागतो. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या हाडाच्या उंचवट्यावर कळ येत असेल आणि बधिरपणा नसेल, तर तो डी क्वेर्वेन नावाचा आजार. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने 1895 मध्ये त्याचे वर्णन केले. इथे अंगठ्याची दोन टेंडन्स आपल्या अरुंद म्यानात घासतात. कात्री चालवणारे आणि पिळे घालून कपडे पिळणारे यांना तो होतोच, पण तान्ह्या बाळाला काखेत हात घालून उचलणाऱ्या आयांनाही फार होतो.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे जमिनीकडे करून 60 सेकंद थांबा. बोटांना मुंग्या आल्या तर संशय कार्पल टनेलचा. दुसऱ्या चाचणीत अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवा. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, त्यामुळे दुसऱ्या हाताशी तुलना करा. एकाच बाजूला झणका आला तर डी क्वेर्वेन.

कार्पल टनेलचा पहिला उपाय म्हणजे रात्री घालायचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ धरून ठेवणारा आधार, आणि नेमकी इथेच चूक होते. दुकानातल्या बहुतेक स्प्लिंटमधली धातूची पट्टी मनगट मागे वाकेल अशी वळवलेली असते. ती काढून सरळ करा, मगच घाला. बोटे मोकळी राहावीत आणि पट्ट्याखाली एक बोट सहज सरकावे. सहा आठवडे रोज रात्री वापरून पाहिल्याशिवाय ‘गुण येत नाही’ असे म्हणू नका. क्रेप बँडेज करकचून बांधणे म्हणजे आधीच चेपलेल्या नसेवर आणखी दाब. डी क्वेर्वेनला मात्र अंगठाही धरून ठेवणारा स्प्लिंट लागतो, साधा चालत नाही.

कामाची पद्धत बदलली नाही तर दुखणे परत येते. कणीक कालवून वीस-तीस मिनिटे झाकून ठेवा. पाणी मुरून ती आपोआप मऊ होते, तिंबायला निम्मा जोर पुरतो. ओटा उंच पडत असेल तर पाटावर उभ्या राहून लाटा, म्हणजे मनगट न वाकवता खांद्यातून भार देता येतो. ओले कपडे नळाभोवती गुंडाळून पिळा. संगणकावर काम असेल तर कीबोर्डखालचे मागचे छोटे पाय मिटून टाका. ते उघडले की मनगट मागे वाकते. माऊस कीबोर्डच्या अगदी शेजारी ठेवा आणि मनगटातून नव्हे, कोपरातून हलवा. टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून टाइप करू नका. अर्ध्या तासाने एक-दोन मिनिटे हात मोकळे सोडा.

मनाने व्हिटॅमिन बी-6 च्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नका. मोठ्या मात्रेत त्या स्वतःच नसा बिघडवतात. थायरॉइड आणि साखर मात्र तपासून घ्या, कारण दोन्हींमुळे हाच त्रास होतो. गरोदरपणात तो उद्भवला तर बाळंतपणानंतर बहुधा ओसरतो.

बधिरपणा दिवसाही जात नसेल, हातातली कपबशी निसटत असेल, गुंड्या लावता येत नसतील किंवा अंगठ्याखालची उशी बसल्यासारखी दिसत असेल, तर स्प्लिंटवर वेळ घालवू नका. ऑर्थोपेडिक किंवा हॅन्ड सर्जन नर्व्ह कंडक्शन तपासणी करून नस किती दबली आहे ते पाहतात. त्यानंतर स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेत तो आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. बहुतेकदा फक्त हात बधिर करून, आणि पेशंट त्याच दिवशी घरी जातो. रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर थांबतात. तळहाताच्या मुळाशी दाबल्यावर दुखणे काही आठवडे, कधी काही महिने राहते. बसलेली उशी मात्र सगळ्यांची पूर्ववत भरत नाही.