गवतकापणी यंत्रात तेल कुठे घालायचे? टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोकमधला खरा फरक

पावसाळ्यात धुऱ्यावरचे गवत कमरेला लागले की वरुड-मोर्शीच्या संत्रा बागांपासून घरामागच्या परसापर्यंत सगळीकडे पेट्रोलवर चालणारी गवतकापणी यंत्रे बाहेर निघतात आणि पाठोपाठ दुरुस्तीच्या दुकानांत तीच ती जाम झालेली इंजिने येऊ लागतात. मालकाची तक्रार ठरलेली असते: यंत्र नवे होते, पेट्रोल पंपावरचे चांगले होते, तरी इंजिन बसले. बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसतो. टू-स्ट्रोक यंत्र फोर-स्ट्रोक समजून चालवलेले असते. बाहेरून दोन्ही जातींची गवतकापणी यंत्रे, म्हणजे ब्रश कटर, सारखेच दिसतात, दोघांनाही दोरी, चोक आणि पेट्रोलची टाकी असते, त्यामुळे हा घोळ दरवर्षी होतो.

फोर-स्ट्रोकबद्दल फार सांगण्याची गरज नाही, कारण आज घरोघरी असलेली मोटारसायकल त्याच जातीची आहे: पेट्रोल टाकीत, तेल इंजिनच्या तळाशी वेगळे, आणि ठरावीक काळाने तेल बदलणे. लक्षात ठेवायचे ते प्रमाण. मोटारसायकलमध्ये लिटरभर तेल मावते, तर होंडाच्या जीएक्स३५ या ३५.८ सीसीच्या इंजिनात ते अवघे १०० मिलि असते. एवढ्या थोड्या तेलातून थोडेसे जरी कमी झाले तरी जाणवते. म्हणून यंत्र सपाट जागेवर ठेवून तेलाची पातळी रोज कामापूर्वी पाहावी. पहिले तेल यंत्र १० तास चालल्यावर आणि पुढे दर ५० तासांच्या कामानंतर बदलावे.

खरी फसगत टू-स्ट्रोकमध्ये होते. या इंजिनात तेलाची वेगळी जागाच नसते. कार्बोरेटरमधून आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या कप्प्यात, म्हणजे क्रँक आणि बेअरिंग फिरतात तिथे जाते, आणि तिथून दाबाने वर ढकलले जाऊन जळते. ज्या कप्प्यातून पेट्रोल वाहते तिथे तेल साठवून ठेवता येत नाही, म्हणून बेअरिंग, पिस्टन आणि सिलिंडर यांना वंगण मिळण्याचा मार्ग एकच उरतो: पेट्रोलमध्येच मिसळलेले तेल. तेल न मिसळता साधे पेट्रोल भरले तर यंत्र सुरू होते, काही वेळ अगदी उत्तम चालते, आणि म्हणूनच माणूस निश्चिंत होतो. मग ताकद कमी होते, इंजिन तापते, पिस्टन फुगून सिलिंडरला घासतो आणि जागेवर चिकटतो. टू-स्ट्रोक लुना चालवलेल्या पिढीला पंपावर तेल टाकून घेण्याची सवय होती. ती सवय मोडली आणि हा बिघाड वाढला, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि तेच पाळावे. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, २५:१ म्हणजे लिटरला ४० मिलि. ५ लिटरच्या कॅनला अनुक्रमे १०० आणि २०० मिलि. ‘दोन झाकणे टाका’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही, कारण प्रत्येक बाटलीचे झाकण वेगळे असते. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलिची सिरिंज हे काम अचूक करते. कॅनमध्ये आधी अर्धे पेट्रोल घ्यावे, तेल सोडावे, हलवावे, मग उरलेले पेट्रोल घालून पुन्हा हलवावे. टाकीत पेट्रोल भरून वरून तेल ओतणे चुकीचे आहे. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता हाही गैरसमजच आहे. त्याने स्पार्क प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या जाळीत कार्बन साचून यंत्र दम धरत नाही.

तेल टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेलेच हवे, आणि तेही हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचे. डब्यावर जासो एफसी किंवा एफडी (तेलाचा दर्जा सांगणारी जपानी मानके) लिहिलेले असावे. मोटारसायकलचे २०डब्ल्यू-४० तेल पेट्रोलमध्ये मिसळू नये, ते स्वच्छ जळण्यासाठी बनवलेलेच नसते. तसेच टू-टी तेल फोर-स्ट्रोकच्या तळात भरू नये.

यंत्र कोणते हे ओळखायला इंजिनच्या खालच्या बाजूला तेलाचे स्वतंत्र झाकण शोधावे. ते असेल तर फोर-स्ट्रोक. नसेल आणि पेट्रोलच्या झाकणावर पेट्रोल पंपाच्या चित्राशेजारी तेलाचा थेंब कोरलेला असेल, तर टू-स्ट्रोक. वजन, आवाज, पेट्रोलचा खप हे फरक आहेत, पण त्यांनी यंत्र बिघडत नाही.

धूर मात्र दोन्हीकडे वेगळा वाचावा लागतो. टू-स्ट्रोकमधून किंचित निळसर धूर येणे स्वाभाविक आहे, उलट तो अजिबात दिसत नसेल तर टाकीत काय भरले आहे याची आधी खात्री करावी. फोर-स्ट्रोकमधून तसाच धूर आला तर तेल सिलिंडरमध्ये शिरले आहे: ते जास्त भरले असेल, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील किंवा यंत्र ट्रॉलीत आडवे पडून आले असेल. चाकांचा लॉन मोव्हर पाते साफ करायला कलंडवताना एअर फिल्टर नेहमी वरच्या बाजूला ठेवावा, तो याचसाठी.

साठवणीतही टू-स्ट्रोकला धोका जास्त. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढते. पाणी जास्त झाले की इथेनॉल व पाणी तळाशी बसते, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते, आणि टाकीतली नळी तळातले, तेल नसलेलेच ओढते. म्हणून मिसळलेले पेट्रोल महिन्याभरात संपवावे आणि दिवाळीनंतर यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी.

घरात दोन्ही यंत्रे असतील तर दोन वेगळ्या रंगांचे कॅन ठेवावेत व त्यांवर ठळक लिहावे. थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे तर कायमचे बंद करावे. मिसळलेले पेट्रोल चुकून फोर-स्ट्रोकमध्ये गेले तर टाकी उपसून प्लग पुसला की भागते. साधे पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेले तर यंत्र ताबडतोब बंद करावे, थंड होऊ द्यावे, सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनवर टॉर्च मारावा. पिस्टन गुळगुळीत असेल तर योग्य मिश्रण भरून काम पुढे चालवता येते. उभे ओरखडे दिसले तर दोरी पुन्हा न ओढता यंत्र थेट मेकॅनिककडे न्यावे.