लिथियम उपचार आणि मद्यपान

द्विध्रुवी मनोविकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणाऱ्या आजारात, भावस्थिती स्थिर राखण्यासाठी लिथियम कार्बोनेटच्या गोळ्या दिल्या जातात. त्या चालू असताना मद्य घेतल्यास उद्भवणारे धोके आणि त्याबाबत घ्यावयाची काळजी हा या नोंदीचा विषय आहे. उन्मादावरील लिथियमचा गुण ऑस्ट्रेलियातील मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. औषध गुणकारी असले तरी त्याची सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. दीर्घकालीन उपचारात रक्तातील पातळी साधारणतः ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात आणि २ च्या पुढे जिवाला धोका असतो.

लिथियमचे यकृतात विघटन होत नाही, आणि त्यामुळे दारूशी त्याचा काही संबंध येत नाही असा समज सहज होतो. हा संबंध पाणी आणि मीठ यांच्या वाटेने येतो. लिथियम जवळजवळ सर्वच मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात आणि त्याच्याबरोबर लिथियमही अडकून राहते. मद्यामुळे लघवी रोखणारे संप्रेरक दबते, लघवी वाढते, पुढे उलट्या झाल्या तर मीठही जाते. त्यात लिथियम घेणाऱ्या अनेकांना मुळातच तहान आणि लघवी जास्त असते.

नागपुरात हे गणित उन्हाळ्यात अधिक बिघडते. मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि याच सुमारास लग्नसराईही असते. दुपारच्या वरातीत घाम गाळून संध्याकाळी थंड बीअरने तहान भागवणारा रुग्ण प्रत्यक्षात शरीरातील पाणी आणखी घालवत असतो. रात्रीचे जागरण वेगळेच, कारण झोप मोडणे हे उन्मादाचा झटका येण्याचे एक परिचित निमित्त आहे. विदर्भातील मोहाच्या हातभट्टीच्या दारूत मद्यार्क किती आहे याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे तिथे ‘थोडीच घेतली’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणे हीदेखील मोठी चूक ठरते, कारण या वेदनाशामकांमुळे रक्तातील लिथियम वाढते.

सर्वांत घातक बाब ही, की लिथियमची विषबाधा बघणाऱ्याला दारूच्या नशेसारखीच दिसते. बोलणे जड होणे, तोल जाणे, हात जोराने थरथरणे, उलट्या, जुलाब, गुंगी आणि गोंधळलेपणा ही तिची लक्षणे आहेत. ‘जास्त झाली असेल, झोपू द्या, सकाळी उतरेल’ असे म्हणून घरचे लोक दार लोटून घेतात आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. म्हणून रुग्ण लिथियम घेतो हे घरातील आणि मित्रांपैकी निदान एकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी गोळी गाळण्याची पळवाट निरुपयोगी आहे. लिथियमची रक्तातील पातळी निम्मी व्हायलाच साधारण १८ ते ३६ तास लागतात, म्हणजे एक गोळी चुकवून औषध शरीरातून जात नाही. उलट गोळ्या वारंवार चुकल्या किंवा एकाएकी बंद केल्या तर आजार उलटतो आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो.

मद्याचे सुरक्षित म्हणून सिद्ध झालेले कोणतेही प्रमाण नाही. पूर्ण वर्ज्य करणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. उपचार नुकताच सुरू झालेला असताना, मात्रा बदलली असताना, ताप किंवा जुलाब असताना तर घेऊच नये. पातळी स्थिर असलेल्या रुग्णाला क्वचित घ्यायचीच असेल, तर त्याने ते आपल्या डॉक्टरांशी उघडपणे बोलून ठरवावे, उपाशीपोटी घेऊ नये, सोबत पुरेसे पाणी प्यावे, वाहन चालवू नये आणि रोजच्या जेवणातील मीठ एकदम कमी-जास्त करू नये. रक्ताची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात. मूत्रपिंडे व थायरॉइड यांच्याही चाचण्या नियमित कराव्या लागतात. रोज पिणाऱ्याने मात्र दारू एकाएकी सोडू नये, कारण त्यातून आकडी (फिट) येणे व भ्रम होणे असे प्रकार उद्भवू शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. नागपुरात यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय तसेच मेडिकल आणि मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत, आणि ‘टेली मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

विषबाधेची शंका येताच पुढची गोळी देऊ नये. रुग्णाला गोळ्यांच्या पाकिटासह डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि त्याने मद्य घेतले असल्यास ते न लपवता सांगावे. डायलिसिसने पातळी उतरल्यावरही पेशींमधील लिथियम पुन्हा रक्तात येते, त्यामुळे काही तासांच्या अंतराने तपासणी करत राहावी लागते.