बर्बन बॅरलमधला इम्पिरियल स्टाउट: ग्लास फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक
काचसामान व बारवेअर, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

परदेशात नोकरीला असलेली आपली मुलं सुट्टीला येताना हल्ली व्हिस्कीबरोबर काळ्याभोर बिअरची एखादी बाटलीही आणतात. लेबलवर लिहिलेलं असतं ‘बर्बन बॅरल-एज्ड इम्पिरियल स्टाउट’, म्हणजे बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरवलेली, जादा ताकदीची काळी बिअर. बाटली घरात आली की कुणीतरी आमच्याकडे ग्लास न्यायला येतं, आणि आठवड्याभरात त्यातले बरेचजण पुन्हा येतात. कुणाच्या ग्लासला तडा गेलेला असतो, तो बदलून हवा असतो. कुणी म्हणतं, ग्लासात फेस टिकत नाही, बिअर नुसती कडू लागली, पोरानं एवढे पैसे घालून आणली ती वाया गेली.

फेसाचं पुढे सांगतो, पण तडा आणि कडवटपणा या दोन्हींचं कारण एकच आहे. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये आणि ग्लास फ्रीझरमध्ये. आपल्याकडे बिअर म्हटली की ती चिल्डच हवी, आणि नेहमीच्या लागर बिअरसाठी ते बरोबरही आहे. एप्रिलच्या उन्हातून घरी आल्यावर गारेगार लागरला तोड नाही. पण हा स्टाउट त्या जातीचा नाही. तो १२ ते १५ अंशांवर प्यायचा असतो. घरातल्या फ्रीजमध्ये साधारण ४ अंश असतात आणि फ्रीझरमध्ये उणे १८.

गार कुल्फी जेमतेम गोड लागते आणि तीच वितळली की गोडमिट्ट होते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. थंड जिभेला गोडवा कमी कळतो. वासाचंही तसंच आहे, द्रव थंड असेल तर त्यातून वास फारसा बाहेर पडत नाही. मग या बिअरमध्ये जे महिनोन्महिने खपून आणलेलं असतं ते सगळं झाकलं जातं आणि उरतो तो भाजलेल्या धान्याचा करपट कडवटपणा.

हे पटावं म्हणून आम्ही घरी एकाच बाटलीतून दोन ग्लास भरून पाहिले. पहिला फ्रीजमधून काढल्या काढल्या ओतला. नाकाला कॉफीचा पुसट वास, जिभेवर कडू आणि काहीसं पातळ, घशाखाली उतरताना दारूची ऊब. संपलं. उरलेली बाटली झाकून बाहेर ठेवली आणि दुसरा ग्लास अर्ध्या तासानं भरला. ग्लास ओठांपर्यंत यायच्या आधीच व्हॅनिलाचा वास आला. मागोमाग खोबरं. मटणाच्या वाटणासाठी सुकं खोबरं तव्यावर तांबूस व्हायला लागतं तेव्हा घरभर सुटतो ना, तो वास. पहिल्या घोटात काकवी, तीही जरा जास्त आटलेली. मग गडद चॉकलेट, खजूर, आणि घोट गिळून झाल्यावर सावकाश येणारा ओल्या लाकडाचा तुरटपणा. शेवटी बर्बनची ऊब छातीत उतरते आणि बराच वेळ राहते. पहिल्या ग्लासात यातलं काहीही नव्हतं, आणि बाटली तीच होती.

हे स्वाद सहसा कुणी वरून घातलेले नसतात. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन ही व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि तिच्या धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो. पिंप एकदा वापरलं की बर्बनसाठी ते पुन्हा चालत नाही. जवळपास २०० लिटरची ही रिकामी पिंपं मग स्कॉच आणि रमवाले विकत घेतात, आणि १९९०च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीनं त्यात स्टाउट भरायचा मार्ग रुळवला, तेव्हापासून बिअरवालेही. ओक जाळला की त्याच्या लाकडातून व्हॅनिलाचा अंश मोकळा होतो, लाकडातल्या साखरेचं कॅरमल होतं, आणि खोबऱ्याचा वास तर ओकचा स्वतःचाच असतो. शिवाय फळ्यांमध्ये मुरलेलं बर्बन असतंच. त्यात कित्येक महिने स्टाउट राहतो तेव्हा हे सगळं ओढून घेतो. स्टाउटही साधा नव्हे. अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल ब्रुअरीतून रशियाच्या राजदरबारासाठी जो जादा ताकदीचा स्टाउट जायचा, त्याच घराण्यातला.

आता ग्लासाबद्दल. आम्ही या बिअरसाठी दांड्याचा मग देत नाही, मागितला तरी आधी समजावतो. काहींना वाटतं दुकानदार महागडा ग्लास गळ्यात मारतोय. खरं तर आमच्याकडे मग महाग आहे आणि ट्युलिप स्वस्त. ट्युलिप किंवा स्निफ्टर, म्हणजे पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं, याचा फायदा असा की वास तोंडाशी कोंडून राहतो. ३५० मिलीचा ग्लास घ्या आणि त्यात १५० मिलीच ओता. वरची मोकळी जागा वासासाठी आहे, ती भरू नका. बिअर अजून गार वाटली तर ग्लासाच्या पोटाला तळहात लावून दोन-चार मिनिटं धरा.

‘एवढासा ग्लास?’ हा प्रश्न रोज येतो. हिशेब असा: १२ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या मोठ्या बाटलीत साडेबत्तीस. म्हणजे ही छोटी बाटली त्या मोठीपेक्षा जड आहे आणि ६० मिलीच्या दीड व्हिस्की पेगएवढी भरते. दोघांत एक बाटली पुरे, घाई न करता तासभर. त्यानंतर गाडी चालवू नये. परवाना आणि वयाची अट बिअरलाही आहेच.

फेसाचं म्हणाल तर तो कमीच येतो, तपकिरी असतो आणि लवकर बसतो. एवढ्या अल्कोहोलमध्ये फेस टिकत नाही, आणि अशा बऱ्याच बिअरमध्ये गॅसही बेताचाच असतो. त्यात ग्लासाचा दोष नाही. मात्र फेस पडल्या पडल्या पार नाहीसा झाला तर ग्लासावर तेलाचा अंश आहे असं समजा. ज्या फडक्यानं ओटा पुसतो त्यानं ग्लास पुसू नका, ताक-लस्सीला वापरलेला ग्लास यासाठी घेऊ नका. घासून भरपूर पाण्यानं विसळा आणि पालथा घालून वाळू द्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगर लावून धुवा.

बाटली किती आधी काढायची? कोल्हापूरच्या उन्हाळ्यात पंचवीस-तीस मिनिटं, थंडीत पाऊण तास. ‘रूम टेंपरेचरला प्या’ असं कुठं वाचलं असेल तर ते थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. मे महिन्यात आपल्या खोलीत ३५ अंश असतात, तिथं ही बिअर नुसती गोड आणि दारूचा भपकारा मारणारी होते. काही महिने जपून ठेवायची असेल तर कपाटात न ठेवता फ्रीजमध्ये खालच्या बाजूला उभी ठेवा. तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरायचं कारण नाही. आंबट ताकासारखी लागली तर मात्र बिघडली आहे, ती ओतून द्या.

तांबड्या रश्श्याबरोबर ही घेऊ नका. तिखटाचा जाळ आणि अल्कोहोलचा जाळ एकमेकांना वाढवतात, आणि मग दोन्हींची चव मरते. आधी जेवा. मग गडद चॉकलेट, जुनं चीज किंवा शेंगदाण्याची चिक्की सोबत घेऊन बसा.

तडा गेलेल्या ग्लासांबद्दल स्पष्ट सांगतो. फ्रीझरमधला ग्लास लगेच गीझरच्या गरम पाण्याखाली धरला की काचेची एक बाजू पसरते आणि दुसरी आखडलेलीच राहते. बहुतेक वेळा तडा दांडीच्या सांध्यापाशी किंवा काठावर जातो आणि पाहताक्षणी ओळखता येतो. असा ग्लास आम्ही बदलून देत नाही. काचेत बुडबुडा, वाकडी बैठक, काठाला धार असा मुळातला दोष असेल तर पावती दाखवा, त्याच दिवशी दुसरा देतो. नेताना प्रत्येक नग तुमच्यासमोर उजेडात धरून दाखवतो, तो नीट बघून घ्या.

ट्युलिप आणि स्निफ्टर सुटे मिळतात, सहाचा सेट घ्यायची सक्ती नाही. दोघांसाठी दोनच न्या. ग्लास निवडायला येताना बाटली आणायची गरज नाही, लेबलचा फोटो पुरतो. टक्केवारी आणि बाटलीचं माप बघून कोणता ग्लास लागेल ते सांगतो.