डर्बीला लागतो तो दम

थिवीला रात्री कोकणकन्या पकडायची, सकाळी दादरला उतरायचं आणि दुपारी महालक्ष्मी रेसकोर्सच्या पॅडॉकपाशी, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारापाशी, कठड्याला टेकून उभं राहायचं. फेब्रुवारीतली इंडियन डर्बी जवळ आली की माझं हे ठरलेलं असतं. गोव्यात रेसकोर्स नाही. आमच्या डिचोलीकडे घोडा नाचतो तो शिगम्यातल्या घोडेमोडणीत, माणसाच्या कमरेला बांधलेला, लाकडी तोंडाचा. त्यामुळे खरा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, पहिल्यांदा हातभर अंतरावरून पाहिला, तेव्हा मी शर्यत विसरून त्याच्या नाकाकडेच बघत राहिलो.

तो नुकताच धावून आला होता. नाकपुड्या मूठ मावेल एवढ्या फुललेल्या, आतून लालभडक. मानेवरच्या शिरा सुतळीसारख्या तटतटलेल्या. कुत्रा दमला की जीभ बाहेर काढून धापा टाकतो, आपणही तोंड उघडतो. घोड्याला ती सोय नाही. त्याची मऊ टाळू घशात अशी बसलेली असते की तोंडाची वाट श्वासाला बंदच. जी काही हवा घ्यायची ती नाकाने.

त्यातून भरधाव धावताना त्याचा श्वास टापांना बांधलेला असतो. एक झेप, एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर आले की हवा बाहेर, शरीर पुन्हा पुढे झेपावलं की हवा आत. घोडेमोडणीत नाचणाऱ्याचे पाय ढोल-ताशाच्या ठेक्यावर पडतात, पण दम तो आपल्या सोयीने घेतो. धावणाऱ्या घोड्याला ठेका सोडून दम घेता येत नाही. एका झेपेत तो साधारण सात मीटर कापतो. डर्बी 2400 मीटरची, म्हणजे जेमतेम साडेतीनशे श्वासांचा खेळ!

एवढ्या श्वासांत भागतं कसं? याचं उत्तर बरंचसं पानथरीत, म्हणजे प्लीहेत आहे. घोडा निवांत असताना तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा तिथे पडून असतो. धावायला सुरुवात झाली की पानथरी आवळते आणि तो साठा रक्तात सोडते. एरवी रक्तात साधारण 40 टक्के भाग पेशींचा असतो, तो 60 टक्क्यांच्या वर जातो. प्राणवायू वाहून नेणारे हमालच एकदम दीडपट झाले म्हणा ना. रक्त दाट होतं, आणि ते फिरवायला हृदयही तसंच दांडगं लागतं. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हे हृदय शर्यतीत सव्वादोनशेच्या वर जातं. मला या सगळ्या शरीरातली ही सर्वात थक्क करणारी गोष्ट वाटते.

इथे सेक्रेटॅरियट या घोड्याचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. 1973 साली अमेरिकेत बेलमाँट स्टेक्सची दीड मैलांची शर्यत त्याने 2 मिनिटं 24 सेकंदांत मारली. दुसरा घोडा 31 लेंग्थ, म्हणजे घोड्याच्या 31 लांब्या, मागे होता. तो विक्रम अजून उभा आहे. 1989 मध्ये तो गेल्यावर तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं वजन अंदाजे 22 पौंड, म्हणजे दहा किलो सांगितलं. प्रत्यक्ष तराजूवर ते ठेवलं नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. पण साधारण थरोब्रेडचं हृदय याच्या निम्म्याच्या आसपास असतं.

हा दम येतो कुठून? आपल्या किनाऱ्यावर अरबी घोडे फार पूर्वीपासून उतरत. इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझहून गलबतं गोव्याला लागायची आणि घोडे घाट चढून विजयनगरच्या फौजेत जायचे. 1510 नंतर हा व्यापार पोर्तुगीजांनी मुठीत घेतला. ते घोडे लढाईसाठी होते. 1704 मध्ये सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला गेलेला डार्ली अरेबियन मात्र पैदाशीसाठी ठेवला गेला. 1764 च्या सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला, एकही शर्यत न हरलेला एक्लिप्स हा त्याचा खापरपणतू. आजच्या सुमारे 95 टक्के थरोब्रेड नरांचं वाय गुणसूत्र, म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारं, त्या एका अरबी घोड्यापर्यंत पोचतं. महालक्ष्मीला गेटमध्ये उभे असलेले बहुतेक घोडे असे एकाच घराण्यातले.

तरी सगळे सारखे धावत नाहीत. 2010 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिनच्या जनुकाचा एक प्रकार आई आणि बाप दोघांकडून जोडीने आला की घोडा भरीव, कमी अंतराचा होतो. दुसरा जोडीने आला की लांब पल्ल्याचा. एकेक आला तर मधला. 1200 मीटरला वाऱ्यासारखा सुटणारा घोडा डर्बीच्या शेवटच्या दोन फर्लांगांत अडखळतो, तेव्हा लोक जॉकीला शिव्या देतात. बिचाऱ्याच्या हातात तेवढं नसतं.

माझा जीव अडकतो तो पायांत. गुडघ्याखाली घोड्याच्या पायाला मांस नाहीच. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी) आणि कातडी. भरधाव असताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या अडीचपट भार येतो. कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते, आखडते आणि आतून 45 अंशांपर्यंत तापते. हाडात बारीक भेगा पडतात. त्या शरीर बुजवतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. म्हणून ऐन वेळी एखादा आवडता घोडा मागे घेतला, की आजूबाजूचे हळहळतात आणि मला बरं वाटतं.

एकदा पहाटे तबेल्यात जायला मिळालं होतं. सईस घोड्यापुढे उकिडवा बसला. डाव्या पायाच्या नळीवरून तळवा हळूच खाली नेला, मग उजव्या. पुन्हा डाव्या. घोडा मान खाली घालून त्याच्या खांद्यापाशी फुरफुरत होता. दोन्ही पायांची ऊब सारखी लागली, तेव्हाच त्याने खोगिराकडे हात नेला.