‘चार मिनिटांत चरबी’ आली कुठून?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या जिममध्ये ‘हिट’ (हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग) आणि त्याचाच चार मिनिटांचा प्रकार ‘तबाता’ हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत. थोडा वेळ जीव तोडून व्यायाम, मग क्षणभर दम खायचा, पुन्हा तेच. आणि म्हणे चार मिनिटांत चरबी जळून पोट आत! मुळात ही पद्धत पोटासाठी निघालीच नव्हती.

१९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक वोल्डेमार गेर्श्लर आणि हृदयाचे डॉक्टर हान्स राइन्डेल यांनी तिला शिस्त लावली. धावपटूला थोडं अंतर जोरात पळवायचं, नाडी १८० च्या घरात न्यायची, ती १२० वर उतरली की पुन्हा पळवायचं. गेर्श्लर यांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केलं. तो विक्रम १९५५ पर्यंत टिकला. पुढे ४०० मीटरचे राउंडवर राउंड मारणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं नेली. (आपले खाशाबा जाधव कांस्य जिंकले ते याच स्पर्धेत.) वजन घटवण्याचा विषय यात कुठेच नव्हता, ही माणसं आधीच काटक होती.

मराठवाड्यात ही रीत जिमच्या आधीपासून भरतीच्या मैदानावर दिसते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. त्यासाठी पहाटे, ऊन चढायच्या आत, एक राउंड फास्ट, एक स्लो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं) रौप्य मिळवल्यावर तर या पोरांपुढे घरचंच उदाहरण आलं. त्यांचं पोट उतरतं तेही खरं, पण लक्ष असतं मार्कांवर.

‘तबाता’ हे आडनाव आहे. इझुमी तबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा यांची पद्धत तपासली होती: २० सेकंद जोर, १० सेकंद विश्रांती, असे सात-आठ फेरे. तरुण खेळाडू सायकलवर इतका जोर लावत की शेवटी पाय उचलेनात. मोजली गेली ती दमाची ताकद, चरबी नाही. जिममध्ये गाण्याच्या तालावर चार मिनिटं उड्या मारणं म्हणजे तो प्रयोग नव्हे, हे मात्र कुणी सांगत नाही.

चरबीचा धागा कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठातून आला. १९९४ साली आंजेलो त्रेंब्ले आणि सहकाऱ्यांनी एका गटाला २० आठवडे संथ व्यायाम दिला, दुसऱ्याला १५ आठवडे जोराचा. दुसऱ्या गटाची कॅलरी कमी जळली, तरी कातडीखालची चरबी जास्त घटली. माणसं मोजकी होती, मोजमाप कातडीची घडी चिमट्यात धरून केलेलं. तरी ही बातमी जगभर फिरली. व्यायामानंतरही शरीर तासन् तास चरबी जाळत राहतं, ही जोडकथाही मग फुगत गेली. प्रत्यक्षात तो जादाचा खर्च किरकोळ असतो.

२०१७ मध्ये अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा जाड माणसांत दोन्ही प्रकारांनी चरबी जवळपास सारखीच घटलेली दिसली. फरक वेळेचा होता: जोराच्या प्रकाराला सुमारे ४० टक्के कमी वेळ लागला. चरबी घटली तीही आठवड्यातून तीनेक दिवस, दहा आठवडे वगैरे केल्यावर. चार मिनिटांत जळते ती साधारण पन्नास-साठ कॅलरी, म्हणजे ज्वारीची अर्धी भाकरीसुद्धा नाही.