पार्श्वभूमी : लाकडी होडी बांधायला शिकवणाऱ्या शाळा कुठून आल्या

लाकडी होडी बांधायला शिकायचे असेल तर आज आठवडाभराच्या वर्गापासून दोन वर्षांच्या अभ्यासक्रमापर्यंत अनेक वाटा आहेत. शिकवणारे बहुधा कामावरच घडलेले कारागीर असतात. शिकणाऱ्यांत शाळा नुकतीच संपवलेली मुले असतात, नोकरीतून निवृत्त झालेले असतात आणि ज्यांच्या घरात कधी कुणी वल्हे हातात धरले नाही असेही असतात. ही व्यवस्था जुनी वाटते, पण आज दिसते त्या रूपात ती जेमतेम पन्नास वर्षांची आहे. या शाळा का निघाल्या आणि त्यांनी नेमके काय वाचवायचे ठरवले, हे पाहिले की आजच्या अभ्यासक्रमांतली बरीच विसंगती उलगडते.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने कारागिरांना सात वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणे, सक्तीची केली होती. ती सक्ती १८१४मध्ये उठली, पण उमेदवारीची रीत पुढेही चालू राहिली. जपानमध्ये होडी बांधणारे उस्ताद एखाद्या फळीवर आराखडा काढत, मात्र सगळी मापे त्यात घालत नसत. नेमकी महत्त्वाची मापे डोक्यात राहत, म्हणजे फळी दुसऱ्याच्या हाती लागली तरी होडी त्याच्या हाती लागत नसे. शिष्यालाही समजावून सांगण्याची पद्धत नव्हती. त्याने पाहायचे आणि हत्यारांना धार लावत राहायचे.

या शिक्षणाला पर्याय नसतो, याचा पुरावा इजिप्तमध्ये मिळाला. १९५४मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पायथ्याशी खुफू राजाची सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीची नौका सापडली. ती सुटी करून पुरलेली होती. तुकडे भरले १,२२४. ज्याच्याकडे जुळवणीचे काम आले तो प्राचीन वस्तू जतन करण्यात मुरलेला होता, पण होड्यांतला नव्हता. म्हणून तो आधी नाईलकाठच्या होडी बांधणाऱ्यांकडे गेला, त्यांचे काम समजून घेतले आणि मगच तुकड्यांना हात घातला. जुळवणीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. सगळे भाग जागेवर असूनही कोणता आधी आणि कोणता नंतर, हे जिवंत कारागिरांकडूनच शिकावे लागले.

ही साखळी तुटली ती दोन टप्प्यांत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच होडीच्या मागे अडकवायचे छोटे इंजिन बाजारात आले आणि पुढच्या तीसेक वर्षांत मासेमारीच्या लहान होड्यांवरून शीड उतरू लागले. होडी लाकडाचीच राहिली, पण तिचा घाट बदलला, कारण आता तिला वाऱ्यावर तिरके चालायचे नव्हते. दुसरा घाव फायबरचा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस फायबरच्या होड्या निघू लागल्या आणि १९६०च्या दशकात त्यांनी लाकडाला जवळजवळ हटवले. साच्यातून एकसारख्या होड्या काढायला सात वर्षांच्या उमेदवाराची गरज नव्हती. म्हाताऱ्या कारागिरांच्या गोदीत नवे पोर येईनासे झाले.

या दोन घावांच्या मधल्या काळात एक निर्णय झाला, त्याचे महत्त्व मला फार वाटते. १९३६मध्ये, मंदीच्या दिवसांत, अमेरिकी सरकारने काम गमावलेल्या नौका-आरेखकांना आणि गोदीतल्या माणसांना पगार देऊन किनाऱ्यावर पाठवले. पडीक जहाजे, मोडकळीला आलेल्या मासेमारी होड्या, जुन्या कारखान्यांतले अर्ध्या होडीचे लाकडी नमुने, जे सापडेल त्याची मापे घ्यायची आणि आराखडे काढायचे. काम फार काळ चालले नाही, पण त्यातून शेकडो घाट कागदावर आले. त्यातले कितीतरी आज पाण्यावर नाहीत. हा ठेवा मोलाचाच आहे. मात्र त्याबरोबर एक समजूतही रुजली : आराखडा असला की होडी वाचली.

ती किती अपुरी आहे हे कण्याला लागून येणाऱ्या पहिल्या फळीपाशी कळते. ही फळी होडीच्या मध्यावर जवळपास आडवी असते आणि नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, जाताना जवळपास उभी होते. एवढा पीळ एकाच लाकडात घ्यायचा. त्यासाठी ती वाफेच्या पेटीत ठेवतात. इंचभर जाडीला साधारण तासभर वाफ, असा ठोकताळा आहे. पेटीतून बाहेर काढली की ती पटापट ताठरू लागते. त्या थोड्या अवधीत शिकंजा आधी कुठे आवळायचा, पीळ कोणत्या टोकाकडून द्यायचा आणि लाकूड कुरकुरले की कुठे थांबायचे, हे ठरवावे लागते. आराखड्यात या फळीच्या कडेची रेषा अचूक असते. बाकीचे काही नसते.

शीड हाताळण्याच्या ज्ञानाची तर मापेही घेता येत नव्हती. होडी निदान किनाऱ्यावर कुजत पडते आणि कुणीतरी टेप घेऊन पोचू शकतो. भरतीच्या उलट्या प्रवाहात, इंजिनाशिवाय, शीड कधी सैल सोडून धक्क्याला लागायचे हे ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते. ते काही ठिकाणी टिकले, पण वेगळ्याच कारणांनी. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात १८६५च्या कायद्याने समुद्रतळावरची कालवे (ऑयस्टर, खाण्याचे शिंपले) खरवडून काढायला फक्त शिडाच्या होड्यांना परवानगी दिली, कालवांचा साठा संपू नये म्हणून. त्यामुळे चेसापीकच्या खाडीत शिडावर पोट भरणारे नाखवे विसाव्या शतकातही राहिले. १९६७मध्ये आठवड्यातून दोन दिवस मागून ढकलणाऱ्या इंजिनाच्या होडीची सवलत मिळाली, तोवर नियम कडक होता. इंग्लंडमधल्या फाल नदीच्या मुखाशी कालवांसाठी अजूनही शीड आणि वल्हीच चालतात. परंपरा जपायला म्हणून केलेला यातला एकही कायदा नाही.

शीड जाणूनबुजून शिकवायला सुरुवात झाली ती युद्धकाळात. १९४१मध्ये वेल्सच्या अ‍ॅबरडोवी गावात तरुण खलाशांसाठी एक शाळा निघाली. जहाज बुडाल्यावर उघड्या जीवरक्षक होडीत तरुण धट्टेकट्टे खलाशी हार मानतात आणि शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्क तग धरतात, अशी तिच्या संस्थापकांची धारणा होती. १९४७मध्ये फ्रान्समध्ये, जर्मन ताब्याविरुद्ध गुप्तपणे लढलेल्या तरुणांना युद्धानंतर सावरण्यासाठी, ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवर एक शिबिर सुरू झाले आणि त्याचीच पुढे युरोपातली मोठी नौकानयन शाळा झाली. या दोन्ही ठिकाणी होडी माणूस घडवायचे साधन होती. ती कुणी आणि कशी बांधली हा प्रश्न बाजूलाच राहिला. बांधणी एकीकडे आणि शीड दुसरीकडे, ही फाळणी तेव्हापासूनची.

शाळांचा खरा काळ १९७०नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिस्टिक गावच्या सागरी संग्रहालयात लहान होड्यांचे पहिले संमेलन भरले. लोकांनी जुन्या होड्या आणाव्यात, संग्रहालयातल्या प्रतिकृती वल्हवून पाहाव्यात, असा तो बेत. १९७२मध्ये मेन राज्यातल्या बाथ गावात उमेदवारीची कार्यशाळा निघाली. तिचे तत्त्व जुनेच होते : शिकणाऱ्याने श्रम द्यायचे, उस्तादाने विद्या द्यायची. १९७४मध्ये मेनमधूनच लाकडी होड्यांना वाहिलेले मासिक सुरू झाले. १९७५मध्ये इंग्लंडच्या लोस्टॉफ्टला होडीबांधणीचे महाविद्यालय उघडले. १९८१ साली त्या मासिकाने ब्रुकलिन गावात स्वतःची उन्हाळी शाळा काढली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात, आणखी एक शाळा उभी राहिली. हे सगळे घडू शकले कारण १९३०च्या आधी उमेदवारी केलेले काही कारागीर अजून हयात होते. दहा वर्षे उशीर झाला असता तर हाती आराखडेच उरले असते.

या शाळांपुढे लवकरच एक प्रश्न आला आणि तो आजही मिटलेला नाही : प्लायवूड आणि इपॉक्सी (लाकूड घट्ट चिकटवणारी कृत्रिम राळ) शिकवायचे की नाही?

प्रश्नाची मुळे शाळांच्या आधीची आहेत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एका वृत्तपत्राच्या पाठिंब्याने सव्वातीन मीटरची एक शिडाची होडी आली. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने टाके घालून जोडायचे आणि सांध्यांवर फायबरची पट्टी व राळ चढवायची. घरच्या गॅरेजमध्ये कुणालाही जमावे असे काम. अशा ७०,०००हून अधिक होड्या झाल्या. ज्यांना होडी विकत घेणे परवडत नव्हते अशा हजारो घरांत तिच्यामुळे शीड पोचले, हे कुणालाच नाकारता येणार नाही. पुढे इपॉक्सीने सांधे आणखी सोपे केले. एकीवर एक चढवलेल्या फळ्यांची जुनी धाटणी प्लायवूडमध्ये, खिळ्यांशिवाय, नुसती चिकटवून बांधता येऊ लागली. लांबून पाहिले तर दोन्ही होड्या सारख्याच.

प्लायवूडच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे भक्कम आहेत. अखंड लाकडाची होडी पाण्यात फुगते आणि फुगूनच तिचे सांधे बंद होतात. महिनाभर उन्हात ठेवली की फळ्या आक्रसतात, फटी पडतात आणि पाण्यात घातल्यावर पहिले एकदोन दिवस ती पाणी घेते. आजची बहुतेक माणसे होडी घराशी ठेवतात आणि सुटीच्या दिवशी पाण्यावर नेतात. त्यांना ती उतरवल्याबरोबर कोरडी हवी असते. शिवाय रुंद, सरळ, गाठी नसलेल्या जुन्या झाडांच्या फळ्या मिळेनाशा झाल्या आहेत. २००९मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅन्स्ट्रदर गावच्या मासेमारी संग्रहालयाने सुमारे २२ फुटी वल्ह्याच्या होडीचा आराखडा करवून घेतला. घाट फेअर आयल बेटावरच्या जुन्या होड्यांवरून घेतला, पण बांधणी मुद्दाम कापून मिळणाऱ्या प्लायवूडच्या संचातून ठेवली. गावेच्या गावे एकत्र आली आणि त्या घाटाच्या शेकडो होड्या तयार झाल्या. अखंड लाकडाचा आग्रह धरला असता तर हे झाले नसते.

तरीही मला दुसरी बाजू जास्त पटते आणि त्याचे कारण खिळ्यापाशी आहे. जुन्या पद्धतीत दोन फळ्या जिथे एकमेकींवर येतात तिथे बारीक छिद्र पाडून बाहेरून चौकोनी तांब्याचा खिळा ठोकतात. आत आलेल्या टोकावर छोटी खोलगट तांब्याची चकती बसवतात, जास्तीचे टोक कापतात आणि उरलेले हलक्या हातोडीने चकतीवर पसरवतात. हे चालू असताना बाहेर दुसरा माणूस खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. आतल्याला बाहेरचा दिसत नाही. ठोकळा नीट टेकला आहे की निसटला, हे त्याने आवाजावरून ओळखायचे. घाईने मोठे ठोके घातले तर खिळा लाकडाच्या आतच वाकतो. वरून काही कळत नाही, सांधा मात्र पुढे ढिला पडतो. एका लहान होडीत असे शेकडो खिळे असतात आणि शेवटच्या खिळ्यापर्यंत कान तयार झालेला असतो. इपॉक्सीत शिकण्यासारखे काही नाही असे नव्हे. मिश्रणाचे प्रमाण, तापमान, पृष्ठभागाची स्वच्छता यांनाही शिस्त लागते. पण ती सूचनापत्रावरून शिकता येते, त्यासाठी उस्तादाची गरज तुलनेने कमी. शाळा जर उस्तादांचे काम पुढे न्यायला काढल्या असतील, तर जे उस्तादाशिवाय शिकता येत नाही त्यालाच जास्त वेळ मिळायला हवा. जिथे अभ्यासक्रम लांब आहेत तिथे दोन्ही शिकवतात आणि ते योग्यच आहे. आठवडाभराच्या वर्गात मात्र होडी पुरी व्हावी म्हणून चिकटवण्याची वाट घेतली जाते, आणि मग शिकणाऱ्याला तीच परंपरा वाटते.

उत्तर युरोपात हा वाद कमी पेटला, कारण तिथे नॉर्वेच्या किनाऱ्यावर कारागिरांची साखळी पुरती तुटली नव्हती. डेन्मार्कच्या रोस्किल्ड फ्योर्डमध्ये १९६२मध्ये अकराव्या शतकातल्या पाच नौका वर काढण्यात आल्या. त्यांच्या प्रतिकृती बांधताना ओक करवतीने कापायचा नाही, पाचरी मारून फोडायचा आणि कुऱ्हाडीने तासायचा, असे ठरले, कारण मूळ फळ्यांवर कुऱ्हाडीचेच घाव दिसत होते. त्यातली सर्वांत लांब प्रतिकृती २००७मध्ये खलाशांनी डब्लिनपर्यंत नेली. २०२१मध्ये एकीवर एक फळ्या चढवण्याची ही परंपरा डेन्मार्क, फिनलंड, आइसलंड, नॉर्वे आणि स्वीडन यांच्या नावे जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत गेली. अमूर्त हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण यादीत होडी नाही, काम आहे.

भारतात याच वाटेने एक मोठा प्रयोग झाला. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून एक शिडाचे जहाज बांधायला २०२३मध्ये सुरुवात झाली. आराखडा नव्हता, सापडलेले अवशेष नव्हते, होते ते फक्त चित्र. केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. मे २०२५मध्ये कारवारला जहाज नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरमध्ये ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. बांधणाऱ्यांना निदान शिवण्याची विद्या वारशाने मिळालेली होती. चौकोनी शिडे आणि बाजूला लावलेली सुकाणू-वल्ही यांवर असे जहाज चालवलेला खलाशी मात्र कुठेच नव्हता, तेव्हा खलाशांना ते जहाजावरच शिकावे लागले.

बांधणी आणि शीड यांची १९४०च्या दशकातली फाळणी शाळांमध्ये बहुतांशी अजून तशीच आहे : वर्ग वेगळे, शिक्षक वेगळे, बहुधा विद्यार्थीही वेगळे. याला अपवाद आहेत. नॉर्वेच्या रिसा गावात एका निवासी लोकशाळेत विद्यार्थी जुन्या घाटाच्या होड्या बांधतात आणि त्याच धाटणीच्या होड्या चौकोनी शिडावर समुद्रात नेतात. फळीची कड किती तिरकी घेतली याचा परिणाम त्यांना वाऱ्यात कळतो, आणि पुढची फळी तासताना तो हाताशी असतो.